लेखणीचा रोजगार
(संस्थेच्या वार्षिक मेळाव्यात केलेले भाषण)



आज मी कथा-कवितेच्या लेखनाविषयी बोलणार नाही. घरात मजुरी आणणाऱ्या आणि संस्थेला मदत मिळवून देणाऱ्या लेखनाविषयी बोलणार आहे.

निजामाच्या राज्यात आपल्या नांदेडच्या कचेरीची भाषा उर्दू होती. कचेरीबाहेर बसणाऱ्या अर्जनवीसाचे घर त्या भाषेवर चाले. १९४८ मध्ये ते राज्य गेले, १९६० मध्ये महाराष्ट्र झाला आणि १९६४ च्या राजभाषा अधिनियमाने कारभाराची भाषा मराठी ठरली. ज्याने मराठी लिहायला घेतली, त्याच्यापुढे गिऱ्हाईक राहिले. पण उर्दूची किंमत संपली, असे मात्र समजू नका. २०२३ मध्ये कुणबी नोंदी शोधण्यासाठी न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली गेली. मराठवाड्यातील जुनी दप्तरे उघडली, तेव्हा कित्येक कागद उर्दू आणि मोडीत निघाले. ते वाचून मराठीत उतरवणारे जाणकार शोधावे लागले! उर्दू आपल्या घरात आहे. पण जुन्या दस्तऐवजाचे शिकस्ता वळण वाचून शुद्ध मराठीत लिहून देईल, असा मुलगा किंवा मुलगी किती घरांत आहे? नुसती छापील उर्दू येऊन भागत नाही. वर्ष-दोन वर्षे हात बसवावा लागतो.

आता संस्थेचे बघा. २०१३ च्या कंपनी कायद्याच्या कलम १३५ प्रमाणे ठरावीक मर्यादेवरील कंपन्यांना मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे दोन टक्के सामाजिक कामावर खर्चावे लागतात. शिक्षण त्यात येते. २०२१ पासून असा निधी घेणाऱ्या संस्थेला सी.एस.आर.-१ हा नमुना भरून नोंदणी करावी लागते. म्हणजे पैसा आहे. तो कागदावर मागता आला पाहिजे.

आम्ही प्रयोगशाळेसाठी पहिला अर्ज केला तो तीन पानांचा. एक पान आदाब-अलकाबचे, एक समाजाच्या गरिबीचे, एक आभाराचे. आकडा एकही नाही. अर्ज परत आला, आणि खरे सांगायचे तर योग्यच झाले. दुसरा अर्ज दीड पानाचा केला. विद्यार्थी किती, एका टेबलाभोवती किती उभे राहतात, सूक्ष्मदर्शक किती, कोणत्या वस्तूला किती खर्च, त्यात आमचा वाटा किती, वर्षअखेर कोणता हिशेब दाखवू. सोबत तीन दुकानांची दरपत्रके आणि लेखापरीक्षकाचा अहवाल. मंजुरी आली, मागितले त्याच्या निम्मी. उरलेल्यासाठी दुसरे दार ठोठावत आहोत.

पालकांनो, बँकेचा किंवा तहसीलचा अर्ज बाहेरून लिहून घेण्याआधी एकदा घरातल्या मुलाच्या हातून लिहवून घ्या. चूक निघाली, तर तो कागद आमच्याकडे आणा. दर रविवारी सकाळी वाचनालयात आम्ही दोघे शिक्षक त्यासाठीच बसतो.