हिरवळीला खत द्यावे, पण माती तपासून



कोल्हापूर हे फुटबॉलवेडे शहर आहे. राजर्षी शाहू स्टेडियमवरील हिरवळ पाहून आपल्या शाळेचे मैदानही तसेच असावे, असे गावोगावच्या मुलांना वाटले तर नवल नाही. परंतु हिरवळ लावणे सोपे, राखणे अवघड. पाने पिवळी दिसताच युरियाचे पोते उघडण्याच्या सवयीने ग्रामनिधीही खर्ची पडतो आणि मातीही बिघडते.

या जिल्ह्याची माती एकसारखी नाही. गगनबावडा, राधानगरी, शाहूवाडी या अतिपावसाच्या भागात तांबडी, आम्लधर्मी जमीन आढळते. तेथे लोह व ॲल्युमिनियम स्फुरदाला जखडून ठेवतात. म्हणून चाचणीत आम्लता आढळल्यास आधी चुना आणि मग खत, हा क्रम योग्य ठरतो. शिरोळ, हातकणंगले या पूर्वेकडील तालुक्यांत भारी काळी जमीन असून काही ठिकाणी ती क्षारपड झाली आहे. अशा मैदानात पहिली गरज पाण्याच्या निचऱ्याची असते. क्लोराइडयुक्त म्युरेट ऑफ पोटॅशऐवजी तेथे सल्फेट ऑफ पोटॅश बरे.

पिवळेपणाचे कारणही ओळखले पाहिजे. जुनी पाने आधी पिवळी पडली तर बहुधा नत्राची उणीव असते. कोवळी पाने पिवळी आणि शिरा मात्र हिरव्या, असे दिसल्यास चुनखडीयुक्त जमिनीत लोहाची कमतरता संभवते. तेथे युरिया उपयोगी पडत नाही. हिराकसाची सौम्य फवारणी करावी लागते.

म्हणून प्रथम मातीची चाचणी करावी. मैदानातील आठ-दहा ठिकाणांहून सुमारे 15 सेंटीमीटर खोलीपर्यंतची माती घ्यावी, ती एकत्र मिसळून अर्धा किलो नमुना कृषी विभागाच्या मृद चाचणी प्रयोगशाळेत द्यावा. शिक्षकांनी हे काम विद्यार्थ्यांच्या हातून करून घेतल्यास विज्ञानाचा एक पाठ मैदानावरच होईल.

युरियात 46 टक्के नत्र असते. एक गुंठा म्हणजे सुमारे 101 चौरस मीटर. एवढ्या हरळीला एका वेळी एक किलो युरिया ही कमाल मर्यादा समजावी. त्याचे दोन हप्ते केल्यास अधिक चांगले. हप्त्यातील अर्धे खत उत्तर-दक्षिण व अर्धे पूर्व-पश्चिम फेकावे, म्हणजे पट्टे उमटत नाहीत. पाने कोरडी असताना खत टाकून लगेच पाणी द्यावे. अन्यथा पाने करपतात व नत्र हवेत उडून जाते. मुसळधार पावसात आणि पाणीटंचाईच्या उन्हाळ्यात खत देऊ नये.

वाहून गेलेले खत शेवटी नाल्यात व नदीत पोहोचते. पंचगंगेतील जलपर्णी मुख्यत्वे सांडपाण्यातील नत्र-स्फुरदावर पोसली जाते. त्यात मैदानातील खताची भर कशाला?

कापलेले बारीक गवत जागेवरच राहू द्यावे. त्यातील नत्र मातीला परत मिळते. पूर्ण कुजलेले शेणखत चाळून पसरावे. कच्च्या शेणखताबरोबर तणांचे बी येते.

पंचायतीने खतखरेदीचा ठराव करताना मृद चाचणीचा अहवाल सोबत जोडण्याचा पायंडा पाडावा. अहवालाला खर्च थोडाच येईल. पण कोणते खत घ्यावे, याबरोबरच कोणते घेऊ नये, हेही त्यातून कळेल. मैदान मुलांचे आहे आणि पैसा गावाचा. दोहोंचीही काळजी घेणारी हिरवळच खऱ्या अर्थाने निरोगी म्हणता येईल.