दारू सोडणाऱ्यांची बैठक

(वालीव इथल्या बैठकीत आपल्या एका कार्यकर्त्यानं केलेलं भाषण. बोलला तसंच उतरवलं आहे.)



बैठक वनहक्काच्या दाव्यांची आणि हा पोरगा दारूवर काय बोलतो, असं काहींना वाटेल. हसायचं तर हसा. पण कायद्यात म्हाताऱ्या माणसाचा लेखी जबाब पुरावा म्हणून धरलाय. पाहणीला लोक येतात तेव्हा दावेदार प्लॉटवर उभा पाहिजे. त्या दिवशी तो गुत्त्यावर पडलेला असला तर बांध कोण दाखवणार? पट्टा विकता येत नाही, नवरा-बायको दोघांच्या नावावर होतो, हे खरं. तरी दारूच्या उधारीत तोंडी गहाण टाकलेली वावरं कुणाची, ते इथं सगळ्यांना ठाऊक आहे.

बायांनी भट्ट्या फोडल्या, चांगलं केलं. पण भट्टी फुटली तरी पिणारा राहतोच. गाळ्यातली हजेरी घेऊन घरी येईपर्यंत वाटेत दुसरा गुत्ता लागतो. दंड लावला तर दंडाचे पैसे उसने घेतो आणि उरलेल्याची पितो. एकट्यानं शपथ घेतली तर चार दिवस. मग काय करायचं?

आमच्या पाड्यावरचे एक काका दारू सोडणाऱ्यांच्या बैठकीला जातात. त्यांच्यासोबत मी गेलो. त्यांना विचारूनच सांगतोय. नाव सांगणार नाही, तुम्ही पण शोधू नका. त्या मंडळाला अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस म्हणतात, थोडक्यात ए.ए. अ‍ॅनॉनिमस म्हणजे बिननावाचे. 1935 साली अमेरिकेत एक शेअरदलाल आणि एक डॉक्टर, दोघेही पक्के दारुडे, एकमेकांशी बोलत बसले आणि प्यायचे थांबले. तिथून हे सुरू झालं. डॉक्टरचं औषध नाही, साहेबाचं भाषण नाही. पिणाऱ्याचं पिणाऱ्यानं ऐकायचं.

आमच्या काकांना पहिली भीती, खोली चर्चच्या आवारात, म्हणजे धर्म बदलवतील. तसं काही नाही. खोली मिळते म्हणून तिथं बसतात. देवाचं नाव घेतात, पण देव ज्याला जसा कळला तसा. आपला हिरवा, हिमाय, वाघोबा, कुणीही चालतो. दुसरी भीती फीची. फी नाही. शेवटी टोपी फिरते, ज्याला जमेल त्यानं टाकावं. दारू सोडायची इच्छा, एवढीच अट.

आत काय होतं? वीसेक खुर्च्या, चहा. एक जण उठतो, फक्त पहिलं नाव सांगतो, मी दारुडा आहे म्हणतो आणि आपली हकिगत सांगतो. कुणी मध्ये बोलत नाही, सल्ला देत नाही, हसत नाही. आपल्या बैठकीत हे जमेल का, मला शंका आहे! जन्मभर पिणार नाही असं कुणी म्हणत नाही. आज नाही प्यायचो, एवढंच. एका माणसाला अकरा वर्षं झालेली, तोही 'आज' म्हणाला. काका पहिल्या खेपेला काहीच बोलले नाहीत. चाललं. तिसऱ्या खेपेला बैल विकल्याचं बोलले. ते घरात पण कधी बोलले नव्हते.

काही बैठका फक्त पिणाऱ्यांच्या असतात, काहींना घरचे पण चालतात. जाण्याआधी विचारून घ्या. पत्ता सरकारी दवाखान्यात विचारा. वसईत कृपा फाउंडेशनचं केंद्र आहे, तिथं पण विचारता येईल. ते काम फादर जो परेरा यांनी 1981 साली सुरू केलं, ते स्वतः दारूतून सुटलेले. पुण्याला मुक्तांगण आहे, 1986 पासून.

एक गोष्ट ध्यानात ठेवा. रोज सकाळपासून पिणाऱ्याची दारू एकदम तोडू नका. हात कापतात, फिट येते, भलतंसलतं दिसायला लागतं, माणूस मरू पण शकतो. आधी डॉक्टर, मग बैठक. भगताकडे रात्र घालवू नका.

आणि हे परक्याचं आहे असं समजू नका. शंभर वर्षांमागं आपल्याच पालघरच्या किनाऱ्यावर, मांगेल्यांत, देवीचं वारं सुरू झालं. ते आदिवासी पाड्यांत पसरत पार सुरत जिल्ह्यात गेलं. 1922 च्या नोव्हेंबरात खानपूरला मांडवाखाली दोनेक हजार आदिवासी बसले होते. देवी अंगात आलेले सांगत होते, दारू-ताडी सोडा, अंघोळ करा, दारूवाल्या पारशांच्या कामाला जाऊ नका. पुढं काही गावं परत प्यायला लागली, काहींनी टिकवलं. पण एकत्र बसून सोडायची रीत आपल्या लोकांनी तेव्हाच धरलेली. दारूवाला आणि जमीनवाला एकच, हेही त्यांना कळलेलं.

हे ए.ए. वाले बोलत नाहीत. दारूबंदी, सरकार, गुत्ता, कशावरच त्यांचं मत नाही. मला आधी राग आला. आता वाटतं, ठीक आहे. गुत्त्याशी भांडण संघटनेनं करावं. तिथं आपला झेंडा न्यायचा नाही, आणि तिथलं ऐकलेलं पाड्यावर आणायचं नाही.

देवाला दारू लागते, लग्नात लागते, असं म्हणाल. देवाची धार भुईवर सोडायची असते, ती सोडायला घशात ओतावी लागत नाही. सोडलेल्याला लग्नात कुणी आग्रह केला तर बायांनी त्या आग्रह करणाऱ्याला उठवावं.

रिक्षाचं भाडं पण खूप होतं, जाऊन येऊन अर्धी हजेरी जाते. पहिल्या चार खेपांचं भाडं संघटनेच्या वर्गणीतून द्यावं, असं मी मांडतो. आजच ठरवा. कुणाला यायचं असेल त्यानं इथं हात वर करू नये. मला वाटेत एकट्यात गाठावं. वहीत नाव लिहिणार नाही.