भातवडीनंतर



सुप्याची औद्योगिक वसाहत उभी राहिल्यापासून आमच्या पारनेर तालुक्यात एक तक्रार वरचेवर कानी येते, आणि नवल असे की ती चाकरीच्या शोधात हिंडणाऱ्या तरुणांची नसून त्यांना चाकरी देणाऱ्यांची आहे. होतकरू मुलगा हेरावा, यंत्रावर त्याचा हात बसेपर्यंत त्याला पदरमोड करून शिकवावे, आणि तो पुरता तयार झाला की त्याने शेजारच्या कारखान्यात, नाहीतर थेट चाकणला निघून जावे, असे वारंवार घडते. मग व्यवस्थापक मंडळी एकमेकांत म्हणतात की हल्लीच्या पिढीत निष्ठा म्हणून उरली नाही. हे गाऱ्हाणे हल्लीचे असते, तर त्यावर आकाशवाणीवरून बोलण्याचे प्रयोजन नव्हते. परंतु ज्या राज्यात आमचा हा मुलूख एके काळी मोडत होता, त्या नगरच्या निजामशाहीचा 1490 पासून 1636 पर्यंतचा इतिहास डोळ्यांखालून घातला, तर गुणी माणूस ओळखण्यात तरबेज असलेल्या आणि ओळखलेला माणूस हातचा घालवण्यात त्याहून तरबेज असलेल्या एका दरबाराची ती हकिकत आहे, असेच म्हणावे लागते.

मलिक अंबर हे त्या हकिकतीतील सर्वांत मोठे नाव. हबसाणात जन्मलेला, गुलामांच्या बाजारात एकाहून अधिक वेळा विकला गेलेला, बगदादेत एका धन्याच्या घरी लिहिणे-वाचणे शिकलेला हा मुलगा अखेर दख्खनेत आला, आणि त्याला विकत घेतले ते निजामशाहीचा मुख्य कारभारी चंगीझखान याने. चंगीझखान स्वतः हबशी होता, स्वतः एके काळी गुलाम होता; कुळाची आणि वंशाची विचारपूस करण्याची सवय त्याला लागलीच नसावी. अशा माणसाच्या हाताखाली अंबर राज्यकारभाराचा आणि लष्कराचा कित्ता गिरवत असता 1575 च्या सुमारास काय घडले? एका मर्जीतल्या माणसाने सुलतान मुर्तझा याच्या कानाशी लागून चंगीझखानाविषयी किल्मिष पेरले, आणि सुलतानाने आपल्या सर्वांत कर्तबगार चाकराला विष देवविले. पश्चात्ताप पुढे झाला म्हणतात; तो नेहमी पुढेच होतो. धनी गेल्यावर अंबरानेही नगर सोडले, विजापूर व गोवळकोंडे येथे चाकरी शोधली, आणि बऱ्याच वर्षांनी तो परतला तेव्हा स्वतःच्या हिमतीवर जमवलेले स्वार घेऊन परतला. 1600 साली चांदबिबीला तिच्याच माणसांनी ठार केले आणि नगरचा किल्ला मोगलांच्या हाती पडला. त्यानंतर बुडते राज्य पुढील पंचवीस वर्षे तरते ठेवले ते या हबशाने, आणि त्यासाठी त्याने हाताशी धरली ती आपल्या डोंगरकपारींतली मराठी घोडेस्वार मंडळी. त्यांच्या वेगाचे मोल त्याच्याइतके अचूक त्या काळी दुसऱ्या कोणत्याही सरदाराला कळले नव्हते.

येथवर सारे ठीक होते. आता 1624 सालाकडे या. नगरच्या पूर्वेस भातवडी नावाचे गाव आहे. तेथे एका बाजूने मोगल आणि दुसऱ्या बाजूने विजापूरकर असे दोन लष्करांचे लोंढे एकवटून अंबरावर आले. अंबराने तलावाचे पाणी सोडून शत्रूच्या तळाभोवती चिखल केला, रसद तोडली, रात्रीअपरात्री छापे घातले, आणि शेवटी असा काही हल्ला केला की विजापूरचा सेनापती मुल्ला महंमद लारी जागच्या जागी पडला आणि मोगलांचे नामांकित सरदार कैद झाले. या लढाईत ज्यांनी पराक्रमाची शर्थ केली त्यांत शहाजी राजे भोसले अग्रभागी होते. त्यांचे सख्खे भाऊ शरीफजी तेथेच कामी आले. ज्या चाकरीत सख्खा भाऊ गमावला, त्या चाकरीवर माणसाचा केवढा हक्क उत्पन्न होतो, याचा हिशेब कोणत्याही दफ्तरात मांडता येत नाही.

आणि तरीही वर्षभरात शहाजी राजे निजामशाही सोडून ज्यांच्याविरुद्ध लढले त्याच विजापूरकरांकडे गेले! कारणांविषयी इतिहासकारांत मतभेद आहेत. कोणी चुलतभावांशी पडलेल्या वितुष्टाकडे बोट दाखवतात, कोणी विजयानंतर शहाजींचे वाढलेले वजन अंबराच्या डोळ्यांत खुपू लागले असे म्हणतात. मला स्वतःला ही दोन्ही कारणे वस्तुतः एकच वाटतात. भाऊबंदांत तंटा पडला असता धन्याने निवाडा करायचा असतो, आणि चाकराच्या वाढत्या वजनाची धास्ती घेतलेला धनी तो निवाडा मुद्दाम लांबणीवर टाकतो, किंवा नकळत दुसऱ्या पारड्यात हात ठेवतो. संकटाच्या वेळी औदार्य दाखवणे अंबराला जन्मभर जमले, कारण तेव्हा गरज होती. जिंकल्यानंतर ते जमले नाही. इकडे विजापूरच्या इब्राहिम आदिलशहाने कालच्या शत्रूला सरलष्कर असा किताब देऊन जवळ केले. पुढल्याच वर्षी, 1626 मध्ये, अंबर वारला आणि निजामशाहीचा कणा मोडला.

याउपर जे घडले ते भरभर सांगतो, कारण त्यात शिकण्यासारखे थोडे आणि विषण्ण होण्यासारखे फार आहे. इब्राहिम आदिलशहाच्या मृत्यूनंतर शहाजी निजामशाहीत परतले. तोच 1629 च्या जुलैमध्ये त्यांचे सासरे लखुजी जाधवराव यांना दौलताबादेस भर दरबारात मुलानातवांसह कापून काढण्यात आले. शहाजी मोगलांकडे गेले. मोगलांनी मोठी मनसब दिली, मुलूख तोडून दिला, आणि थोड्याच काळाने अंबराचा मुलगा फत्तेखान शरण आला असता त्याची मर्जी संपादण्यासाठी त्यातलाच काही मुलूख शहाजींकडून काढून त्याच्या पदरात टाकला. नव्याने आलेल्याला खूष करण्यासाठी आधीच्याच्या ताटातले वाढण्याची ही रीत आजच्या कचेऱ्यांतूनही चांगली रुळलेली आहे. शहाजींनी मोगलांनाही रामराम ठोकला, आणि 1633 मध्ये आमच्याच जिल्ह्यातील संगमनेरजवळच्या पेमगिरीच्या किल्ल्यावर निजामशाही वंशातल्या एका लहान मुलाला गादीवर बसवून, ज्या राज्याने त्यांना दूर लोटले होते त्याच राज्याची धुरा तीन वर्षे एकट्याने वाहिली. ज्याला ‘निष्ठा नाही’ म्हणून सहज बोल लावता आला असता, तोच शेवटपर्यंत राहिला.

या साऱ्या येरझाऱ्यांचे वृत्तान्त शिवाजी महाराजांनी लहानपणी ऐकले नसतील असे मानणे कठीण आहे. त्यांनी चाकरीचा जो बंदोबस्त केला त्यामागे वडिलांचा अनुभव असावा, हा माझा तर्क आहे. परंतु बंदोबस्त स्वतः तर्काचा विषय नाही, बखरकार कृष्णाजी अनंत सभासदाने तो लिहून ठेवला आहे. मोकासे, म्हणजे वेतनाऐवजी गावे, द्यायचे नाहीत, वेतन रोख द्यायचे. पेशव्यांना सालीना 15,000 होन, अमात्यांना 12,000. लढाईत जखमी झालेल्याला जखम पाहून होन द्यायचे, कामी आलेल्याच्या मुलाला चाकरीत घ्यायचे, आणि पुत्र नसेल तर विधवेला निमे वेतन चालवायचे. यात मेहरबानीचा भाग अल्प आणि नियमाचा भाग अधिक आहे, आणि माझ्या मते त्याचे सारे सामर्थ्य तेथेच आहे. मर्जीवर मिळालेले मर्जीवर जाते, हे चाकराला ठाऊक असते.

पुढे राजाराम महाराज जिंजीस असता हा नियम सोडावा लागला. औरंगजेब मराठे सरदारांना मनसबी देऊन फोडू लागला, तेव्हा त्यांना राखण्यासाठी वतनांच्या सनदा द्याव्या लागल्या; हणमंतराव घोरपड्यांना 1691 मध्ये दिलेल्या वचनात तर रायगड, विजापूर, भागानगर आणि खुद्द दिल्ली जिंकल्यावर काय मिळेल, याचाही करार आहे. खजिना रिता असता दुसरा इलाज नव्हता, म्हणून राजाराम महाराजांना दोष देण्याचे मला धैर्य होत नाही. मात्र जो पलीकडच्या छावणीत जाऊन येतो किंवा जाण्याचा धाक घालतो त्याला अधिक मिळते, ही गोष्ट एकदा सर्वांना कळली की जो इमानाने जागेवर बसून आहे तो आपल्या इमानाकडे संशयाने पाहू लागतो. सुप्यातला जो कारखानदार राजीनाम्याचा कागद टेबलावर आल्यावरच पगारवाढीचा कागद काढतो, तो जिंजीची अडचण नसताना जिंजीचा इलाज करीत असतो.

सर्वच माणसे टिकवता येतात असा मात्र माझा दावा नाही. याच पारनेरात 1880 साली जन्मलेले पांडुरंग महादेव बापट, म्हणजे पुढचे सेनापती बापट, शिष्यवृत्ती मिळवून 1904 मध्ये एडिंबरोस गेले, आणि तेथे इंग्रजी राज्याविरुद्ध बोलले म्हणून ती शिष्यवृत्ती गमावून बसले. त्यांना कोणता हुद्दा देऊन कोणी राखले असते? अशा माणसांना वाट मोकळी करून द्यावी, आणि आपल्या पदरी ते काही काळ होते याचा अभिमान बाळगावा.

उरलेल्यांसाठी मला पळशीचा विचार सुचतो. आमच्याच तालुक्यातल्या पळशीचे पळशीकर घराणे होळकरांच्या दिवाणगिरीवर होते. चाकरी इंदूरची, पण त्या चाकरीतून उभा राहिलेला नक्षीदार वाडा आणि त्याभोवतीचा दगडी कोट पळशीत आहे. आपली कर्तबगारी आपल्या गावाने पाहावी ही इच्छा वेतनाइतकीच बळकट असते, आणि होळकरांच्या दौलतीत तिला वाव मिळाला. सुप्याच्या कारखान्यांतील कित्येक कामगार संध्याकाळी आसपासच्या गावी आपल्या घरी जातात. त्यांतला एखादा दिवसभर काय करतो हे त्याच्या आईवडिलांना धड माहीत नसते. दसऱ्याला यंत्रांची पूजा बहुतेक कारखान्यांत होतेच. त्या दिवशी घरच्या मंडळींना बोलवावे, आणि बंद पडलेले हे यंत्र तुमच्या मुलाने चालू केले असे त्याच्या साहेबाने त्यांच्यासमोर, मुलाचे नाव घेऊन, सांगावे. याला संचालक मंडळाची मंजुरी लागत नाही.