मातीचे मावळे आणि लांकडाची फळी

दिवाळी चार दिवसांवर आली, कीं देवनारच्या वसाहतींत इमारतींच्या पायथ्याशीं मातीचे ढीग दिसूं लागतात. दगड, विटा, जुनें गोणपाट आणि चिखल यांतून मुलें किल्ला उभारतात, उतारावर अळीव किंवा मोहरी पेरतात, माथ्यावर शिवछत्रपतींची मूर्ति बसवितात आणि बुरुजाबुरुजावर मातीचे मावळे उभे करितात. महाराष्ट्रांतील मुलाची सैन्याशीं पहिली ओळख बहुधा येथेंच होते. मात्र किल्ल्यावरचा मावळा एकदां जेथें उभा केला, तेथेंच दिवाळी संपेपर्यंत राहतो. त्याला चालावयाचें नसतें.

हेंच सैन्य मेजावर घेऊन लढाईचा खेळ मांडावयाचा झाला, म्हणजे तें चालवावें लागतें, आणि अडचणीस आरंभ होतो. असा खेळ जगांत नवा नाहीं. प्रशियाच्या सैन्यांत १८२४ सालीं राइसवित्झ नांवाच्या अधिकाऱ्यानें नकाशावरील लढाईचा खेळ पुढें आणिला. त्यांत एकेका तुकडीबद्दल लहानसा ठोकळा असे, म्हणून ती सरकविणें सोपें होतें. पुढें १९१३ मध्यें इंग्रज कादंबरीकार एच. जी. वेल्स यांनीं खेळण्यांतील शिपायांच्या लढाईचे नियम ‘लिटल वॉर्स’ या पुस्तकांत छापले. तेथें शिपाई सुटे होते आणि चाल ठराविक वेळांत पुरी करावी असा दंडक होता. वीस शिपाई बोटांनीं एकेक उचलून पुढें ठेवावयाचे, म्हणजे वेळ जातो, रांग वांकडी होते, एखाद्याचा भाला मोडतो, आणि तुकडी नक्की किती सरकली यावरून खेळाडूंत तंटा लागतो.

यावर उपाय अगदीं साधा आहे. तुकडीखालीं एक पातळ फळी घालावी आणि शिपायांना न शिवतां ती फळीच सरकवावी. शिपायाची बैठक २५ मिलिमीटर चौरस असेल आणि पांच-पांच जणांच्या चार रांगा करावयाच्या असतील, तर आंतील जागा १२५ बाय १०० मिलिमीटर लागते. रंगाचा थर आणि बैठकींतील उणेंअधिक लक्षांत घेऊन लांबीरुंदींत एक-दोन मिलिमीटर अधिक सोडावे. तीन मिलिमीटर जाडीचें प्लायवुड किंवा जाड पुठ्ठा पुरे होतो. कडेनें बारीक पट्टी चिकटविली, कीं शिपाई घसरत नाहींत. बैठकीखालीं लोहचुंबक आणि फळीवर लोखंडी पत्रा बसविला, तर फळी थोडी कलली तरी कोणी पडत नाहीं. कामास आलेला शिपाई मागच्या रांगेंतून काढावा. खऱ्या पलटणींतहि मागचा माणूस पुढें सरून पडलेल्याची जागा भरीत असे. वळतांना पुढचा एक कोपरा जागेवर धरावा, दुसरा फिरवावा आणि त्यानें कापलेलें अंतर मोजावें. रांग जितकी रुंद, तितकें वळण महाग पडतें, हें पुस्तकांत वाचण्यापूर्वींच हातांना कळतें.

येथें मराठी भाषेची एक खूण ध्यानांत घेण्याजोगी आहे. रांग बांधून उभ्या राहिलेल्या सैन्यास मराठींत फळीच म्हणतात. आघाडीची फळी, फळी फुटणें, हे शब्द सर्वांच्या तोंडीं आहेत. खेळांतील लांकडी फळी ही त्या शब्दाचीच मूर्ति होय. म्हणूनच ती प्रत्येक सैन्याखालीं घालावयाची नसते. १६७० मध्यें तानाजी मालुसऱ्यांचे मावळे रात्रीं सिंहगडाचा कडा चढले, तेव्हां रांग बांधणें शक्यहि नव्हतें आणि उपयोगाचेंहि नव्हतें. त्या लढाईंत मावळा सुटाच ठेविला पाहिजे. उलट १७९० मध्यें मेडत्याच्या रणांगणावर महादजी शिंद्यांच्या द बॉयनच्या पलटणींनीं पोकळ चौकोन बांधून राठोडांच्या घोडदळाचा हल्ला झेलला. तो प्रसंग मांडावयाचा तर चार फळ्या चार दिशांस तोंड करून कोपऱ्याला कोपरा भिडवाव्या लागतात. एकींत फट राहिली, कीं घोडेस्वार आंत शिरला.

पानिपतांत या दोन्हीं रीती एका मैदानांत आल्या. १४ जानेवारी १७६१ रोजीं सदाशिवरावभाऊंनीं सैन्याचा गोल बांधून छावणी सोडली. डाव्या अंगास इब्राहिमखान गारद्याच्या कवायती पलटणी होत्या. बाकीचें बरेंचसें सैन्य मोकळ्या मैदानांत चपळाईनें लढणारें घोडदळ होतें. जागा धरून राहण्याची त्याला संवय नव्हती. परंपरेनें वृत्तान्त सांगितला जातो तो असा, कीं घोडदळाच्या कांहीं पथकांना धीर निघाला नाहीं. तीं गारद्यांच्या पुढें धांवलीं आणि गोलाला खिंड पडली. गारदी लढत राहिले. इब्राहिमखान शत्रूच्या हातीं सांपडला व मारला गेला. हा प्रसंग मेजावर मांडणाऱ्याला गारद्यांच्या फळ्या एका बोटानें सरळ पुढें नेतां येतात. शेजारचे स्वार मात्र सुटे असतात आणि सुटेच निघून जातात. मग फळीची उघडी पडलेली बाजू डोळ्यांना दिसते. मागच्या रांगेंतून शिपाई एकेक उचलावा लागतो, आणि शेवटीं हातांत रिकामी फळी उरते. दोष कोणाच्या शौर्याचा नव्हता, एका सैन्यांत दोन चाली होत्या, हें त्या रिकाम्या फळीइतकें स्पष्ट क्वचितच कोणी सांगितलें असेल.

दिवाळी सरली, कीं देवनारचे किल्ले मोडतात आणि मावळे खोक्यांत जातात. त्यांतील वीस जणांच्या पायांखालीं पुठ्ठ्याचे चौकोन चिकटवून त्यांना एका फळीवर उभे करावें. उरलेले सुटेच ठेवावे. कोणाला केव्हां फळीवर घ्यावें आणि केव्हां मोकळें सोडावें, एवढें ज्या मुलाला कळलें, त्याला इतिहासाचा एक मोठा धडा खेळतां खेळतां पाठ झाला.