ऊन पाण्याचा झरा : एका प्रश्नाचे उत्तर

(केंद्रसंमेलनातील भाषण)



पुष्कळ वर्षांपूर्वी चौथीची मुले घेऊन मी रत्नागिरी जिल्ह्यातील उन्हवरे येथील ऊन पाण्याच्या झऱ्यावर गेलो होतो. कुंडातून वाफा निघत होत्या. एका मुलाने विचारले, "गुरुजी, खाली चूल कोणी पेटवली?" मी तत्काळ सांगितले, "जमिनीत गंधक आहे, म्हणून पाणी तापते." मुलाचे समाधान झाले. पण माझे उत्तर चुकीचे होते, आणि ते तसेच घेऊन ती मुले पुढे गेली. आज त्या प्रश्नाचे खरे उत्तर आपणांपुढे मांडावे, असे मनात आहे.

गंधकामुळे पाणी तापत नाही. उलट, तापलेले पाणी खडकांतील द्रव्ये आपल्यात विरघळवून वर आणते. गंधकाचा वास येतो तो त्यामुळे. झऱ्याखाली ज्वालामुखी असतो, हा समजही कोकणापुरता खरा नव्हे. सह्याद्रीचा काळा पाषाण ज्या लाव्हारसापासून झाला, तो सुमारे 6 कोटी 60 लक्ष वर्षांपूर्वीचा. त्याची धग केव्हाच निवाली.

मग चूल कोणती? ती पृथ्वी स्वतःच होय. पृथ्वी घडली त्या वेळची काही उष्णता तिच्या पोटात अद्याप शिल्लक आहे. शिवाय खडकांतील युरेनियम, थोरियम व पोटॅशियम यांच्या किरणोत्सर्गी अणूंचे विघटन होऊन नवी उष्णता सतत निर्माण होत असते. त्यामुळे सामान्यतः दर किलोमीटर खोलीस तापमान 25 ते 30 अंश सेल्सियसने वाढते. पावसाचे पाणी भेगांवाटे खोल मुरते, दोन किलोमीटर खाली गेल्यास 80 अंशांच्या आसपास तापते, हलके होते आणि दुसऱ्या भेगेने वर येते. वाटेत ते थोडे निवते. कोकणातील अतिशय ऊन झऱ्यांचे तापमान 70 अंशांच्या जवळपास असते, ते यामुळेच.

हे वर्गात सहज दाखविता येईल. शाईच्या लहान बाटलीत रंगीत ऊन पाणी भरावे आणि थंड पाण्याच्या काचेच्या बरणीत ती तळाशी अलगद ठेवावी. रंगीत पाण्याची धार वर चढताना मुलांना दिसेल. पाणी बोटाला सोसेल इतकेच ऊन असावे. प्रत्यक्ष झऱ्यावर नेल्यास मात्र उगमाच्या कुंडापासून मुलांना दूर ठेवावे. 70 अंशांचे पाणी क्षणात भाजते.

या उष्णतेचा मनुष्यास उपयोग काय, असे मुले विचारतील. त्यांना आइसलँडची हकीकत सांगावी. तेथील राजधानी रेक्याविक येथील स्त्रिया पूर्वी धुण्याची ओझी वाहून सुमारे तीन किलोमीटरांवरील ऊन झऱ्यांवर जात. थंडीत घरे उबदार ठेवण्यास कोळसा जाळावा लागे. 1930 साली त्याच झऱ्यांच्या भागातून नळ टाकून ऊन पाणी शहरात आणण्यात आले, आणि त्या पाण्याने उबदार झालेली पहिली इमारत एक प्राथमिक शाळा होती! मागाहून रुग्णालय आणि सुमारे साठ घरे जोडली गेली. आज त्या देशातील दहांपैकी नऊ घरांना ही ऊब मिळते. जेथे पाणी याहून पुष्कळ तप्त असते, तेथे वाफेवर वीजही निर्माण करतात.

परंतु ही उष्णता अक्षय आहे, एवढेच सांगून थांबू नये. कॅलिफोर्नियातील 'द गीझर्स' या क्षेत्रात 1960 पासून वाफेवर वीज होऊ लागली. विहिरी वाढल्या, उपसा वाढला, आणि 1980 नंतरच्या दशकाच्या अखेरीस वाफेचा दाब उतरू लागला. खडक तप्तच होते. आटले होते ते पाणी. तेव्हा 1997 पासून आसपासच्या वस्त्यांचे शुद्ध केलेले सांडपाणी नळांनी आणून जमिनीत सोडण्यात येऊ लागले, आणि दाबाची घसरण मंदावली. आपल्या गावची विहीरही हेच सांगते : जेवढे मुरते तेवढेच उपसावे. पृथ्वीची चूल विझत नाही, पण हंडा भरावा लागतो.

बंधुभगिनींनो, कुंडात स्नान करणाऱ्यांची श्रद्धा हा निराळा विषय. तिचा उपमर्द करण्याचे कारण नाही. मात्र मुलाने "का?" असे विचारले असता, ठाऊक नसल्यास "शोधून सांगतो" असे म्हणण्यात शिक्षकाला कमीपणा नाही. त्या दिवशी मी तेवढे म्हणालो असतो, तर आज हे भाषण करण्याची वेळ आली नसती.