वीणेची तार आणि रिकामी नाव : अंतरीच्या समतोलाचा शोध

(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



संस्थेच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात आपण मला दोन शब्द बोलण्याची संधी दिलीत, याबद्दल मी कृतज्ञ आहे. विषय निवडण्याचे स्वातंत्र्य माझ्याकडे होते. बौद्ध आणि ताओ विचारांतील समतोल हा विषय मी कळविला, तेव्हा एका विश्वस्तांनी मिश्किलपणे विचारले, "सर, आपल्या घरात समता कमी पडली काय, म्हणून शेजाऱ्याकडे मागायला निघालात?"

प्रश्न रास्त आहे. ज्या धर्मात सामायिक हे रोजचे व्रत आहे, त्याच्या अनुयायांना समता कोणी नव्याने शिकवावी असे नाही. तथापि, रोजच्या परिचयाने शब्द गुळगुळीत होतात. तीच गोष्ट शेजाऱ्याच्या तोंडून ऐकली की आपलेच शब्द पुन्हा जागे होतात. दुसऱ्याचे म्हणणे आदराने ऐकून घेणे ही तर अनेकांताची पहिली पायरी आहे. माझ्या बाबतीत हे ऐकणे केवळ अभ्यासासाठी नव्हते. त्याचे कारण आधी सांगतो.

मी तीस वर्षे महाविद्यालयात तत्त्वज्ञान शिकविले. समता, उपेक्षा, मध्यम मार्ग हे शब्द फळ्यावर किती वेळा लिहिले असतील याची गणती नाही. निवृत्तीनंतर थोड्याच दिवसांत माझ्या पत्नीला पक्षाघात झाला. ती चार वर्षे अंथरुणावर होती. त्या काळात मी घड्याळाच्या काट्यावर चाललो. औषधे, पथ्य, सामायिक, वाचन, कशातही खंड पडला नाही. तक्रार केली नाही, डोळ्यांत पाणी येऊ दिले नाही. ती गेली त्या दिवशीही नाही. भेटायला आलेली मंडळी म्हणाली, "सरांचा समतोल पाहा. असा असावा अभ्यास!" खोटे कशाला बोलू, ते ऐकून मला बरे वाटले.

पुढे महिन्याभराने माझ्या सात वर्षांच्या नातवाच्या हातून तिचा चष्मा खाली पडला आणि फुटला. मी त्या मुलावर असा ओरडलो की ते पोर थरथरत दाराआड जाऊन उभे राहिले. माझा तो आवाज मला स्वतःलाच ओळखू आला नाही. लोक ज्याला समतोल म्हणत होते तो ताण होता, हे मला त्या रात्री कळले. तार तुटली नव्हती इतकेच.

'तार' हा शब्द मी सहज वापरीत नाही. माझी पत्नी स्तवने गात असे. तिचा तानपुरा आजही आमच्या घरात आहे. रोज गायला बसण्यापूर्वी ती चारही तारा नव्याने लावी. मी एकदा विचारले होते की काल लावलेल्या तारा आज पुन्हा कशासाठी लावायच्या. ती म्हणाली, "हवा बदलते, तार उतरते. कालचा सूर आज चालत नाही." आणि वाद्य बरेच दिवस वापरायचे नसले तर तारा सैल करून ठेवाव्यात, हेही तिनेच मला सांगितले होते. त्या रात्री गवसणीतल्या तानपुऱ्याकडे पाहताना मला एक कथा आठवली. ती मी वर्गात अनेकदा सांगितली होती. ऐकली मात्र त्या दिवशी.

या कथेतील गावे आपल्याला परकी नाहीत. सोण कोळिविस हा चंपा नगरीचा श्रेष्ठिपुत्र. चंपापुरी म्हणजे आपल्या दृष्टीने भगवान वासुपूज्यांची कल्याणकभूमी. सोण अतिशय लाडात वाढलेला, तळपाय कोवळे. तो बुद्धांचा भिक्षू झाला आणि राजगृहाजवळच्या सीतवनात साधना करू लागला. राजगृह म्हणजे आजचे बिहारमधील राजगीर. तेथील पाच टेकड्यांची यात्रा इथल्या अनेकांनी केली असेल. सोण चंक्रमण करीत ध्यान करी. तो इतका चालला की पाय फुटले आणि वाट रक्ताने भरली. तरीही चित्त मुक्त होईना. तेव्हा त्याच्या मनात आले की आपल्या घरी संपत्ती आहे. परत जावे, सुखाने राहावे आणि दानधर्म करून पुण्य जोडावे.

बुद्ध त्याच्याकडे गेले. त्यांनी उपदेशाने सुरुवात केली नाही. एक प्रश्न विचारला. सोण गृहस्थाश्रमात वीणा उत्तम वाजवीत असे. तारा फार ताणल्या तर वीणा सुरात वाजते काय? नाही. फार सैल सोडल्या तर? तेव्हाही नाही. मग प्रयत्नांचेही तसेच आहे. अति प्रयत्नाने चित्त अस्वस्थ होते, अल्प प्रयत्नाने आळसावते. सोणाने साधना सोडली नाही. ती सुरात लावली. पुढे तो अर्हत झाला, असे बौद्ध ग्रंथ सांगतात.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. मध्यम मार्ग म्हणजे सोयीचा मार्ग, थोडे इकडचे थोडे तिकडचे, असा अर्थ अनेकदा केला जातो. तपाला ज्या धर्मात मोठे स्थान आहे, त्या आपल्याला तर मध्यम मार्ग म्हणजे पळवाट वाटण्याचा संभव अधिक. परंतु सैल तारेतून सूर निघत नाही, हेही बुद्धांनी त्याच श्वासात सांगितले आहे. सुराची जागा मोजपट्टीने ठरत नाही. ती प्रत्येक वाद्याची वेगळी असते आणि कान देऊन शोधावी लागते. आपल्या परंपरेलाही हे अपरिचित नाही. तत्त्वार्थसूत्रात सांगितलेल्या षोडशकारण भावनांमध्ये त्याग आणि तप यांच्यामागे 'शक्तितः' हा शब्द जोडलेला आहे. शक्ती लपवू नये आणि शक्तीबाहेर स्वतःला ओढूही नये. शेजाऱ्याने उपवास केला म्हणून आपणही करावा, ही तार दुसऱ्याच्या खुंटीवर लावण्यासारखी गोष्ट आहे.

दुसरी कथा आनंदाची. पंचवीस वर्षे तो बुद्धांचा निकटचा सेवक होता. कुशिनारा येथे बुद्धांचा अंतकाळ जवळ आला, तेव्हा आनंद बाजूला जाऊन दाराला टेकून रडत उभा राहिला. बुद्धांनी त्याला बोलावून घेतले. प्रिय गोष्टींचा वियोग अटळ आहे याची आठवण करून दिली आणि त्याच्या दीर्घ सेवेची सर्वांसमक्ष प्रशंसा केली. रडल्याबद्दल त्याची निर्भर्त्सना केली नाही. भगवान महावीरांच्या निर्वाणसमयी गौतमस्वामींना झालेल्या शोकाची कथा आपण दिवाळीत ऐकतो. दोन्ही परंपरांनी आपल्या सर्वांत जवळच्या शिष्याचे अश्रू झाकून ठेवले नाहीत, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

आनंदाची कथा येथे संपत नाही. परिनिर्वाणानंतर राजगृहात पहिली संगीती भरायची होती. तिचे स्थान वैभारगिरीवरील सप्तपर्णी गुंफा मानले जाते. त्याच टेकडीवर आपली मंदिरेही आहेत. संगीतीत बसण्यासाठी आनंदाने अर्हत होणे आवश्यक होते. आदल्या रात्री तो पहाटेपर्यंत ध्यान करीत राहिला. काही साधले नाही. अखेर प्रयत्नांचा हट्ट सोडून तो क्षणभर आडवा होऊ लागला. पाय जमिनीवरून उचललेले, डोके अजून उशीला टेकलेले नाही, अशा मधल्या क्षणी त्याचे चित्त मुक्त झाले, अशी परंपरा आहे. रात्रभराची साधना व्यर्थ गेली नव्हती. शेवटची खुंटी मात्र सैल करण्याची होती.

बौद्धांनी ज्या चार ब्रह्मविहारांचा अभ्यास सांगितला, ते म्हणजे मैत्री, करुणा, मुदिता आणि उपेक्षा. आपल्या मैत्री, प्रमोद, कारुण्य आणि माध्यस्थ्य या चार भावनांशी त्यांचे किती जवळचे नाते आहे, हे वेगळे सांगण्याची आवश्यकता नाही. मराठीत मात्र 'उपेक्षा' या शब्दाला दुर्लक्षाचा अर्थ चिकटला आहे. इसवी सनाच्या पाचव्या शतकातील आचार्य बुद्धघोष यांनी विशुद्धिमार्गात नेमका याच धोक्याचा इशारा दिला आहे. प्रत्येक सद्गुणाचा एक दूरचा शत्रू असतो आणि एक जवळचा. उपेक्षेचे दूरचे शत्रू राग आणि द्वेष. ते ओळखू येतात. जवळचा शत्रू म्हणजे अज्ञानातून आलेली बेफिकिरी. ती उपेक्षेसारखीच दिसते, म्हणून फसविते. माझ्या कोरड्या डोळ्यांनी मला असेच फसविले होते.

आता थोडे उत्तरेकडे, चीनकडे वळू. ताओ म्हणजे मार्ग. विश्व ज्या रीतीने आपसूक चालते ती रीत. या विचाराचा आद्य प्रवक्ता लाओत्से. इतिहासकार सिमा छ्येन यांनी त्याला चौ राजसभेच्या ग्रंथभांडाराचा अधिकारी म्हटले आहे. त्याच्या नावावरील 'ताओ ते चिंग' या लहानशा ग्रंथात ८१ प्रकरणे आहेत. १९९३ साली चीनच्या हुपै प्रांतात क्वोत्येन येथील एका थडग्यात बांबूच्या पट्ट्यांवर लिहिलेला यातील काही मजकूर सापडला. तो इसवी सनापूर्वी सुमारे ३०० वर्षांचा मानला जातो.

लाओत्सेचा आवडता दृष्टान्त पाण्याचा. पाणी सर्वांच्या उपयोगी पडते, कोणाशी भांडत नाही आणि इतरांना नकोशा वाटणाऱ्या सखल जागी जाऊन राहते. त्याहून मऊ काही नाही, तरी खडक झिजविण्यात त्याचा हात कोणी धरीत नाही. यातूनच 'वू वेइ' ही कल्पना येते. तिचे भाषांतर 'निष्क्रियता' असे केले तर अनर्थ होतो. ओढाताण न करता, प्रसंगाचा कल ओळखून केलेले कर्म, असा तिचा भाव आहे.

या परंपरेतील दुसरा थोर पुरुष च्वांगत्से, इसवी सनापूर्वी चौथ्या शतकातील. त्याच्या ग्रंथातील रिकाम्या नावेचा दृष्टान्त आपण सर्वांनी घरी न्यावा असा आहे. एक माणूस नदी ओलांडीत असता एक रिकामी नाव वाहत येऊन त्याच्या नावेला धडकते. माणूस कितीही तापट असला तरी तो रागावत नाही. परंतु त्या नावेत कोणी बसलेला दिसला, तर तो एकदा ओरडतो, दुसऱ्यांदा ओरडतो, तिसऱ्यांदा शिव्या देतो. धक्का तोच, राग मात्र नावेत माणूस दिसला की येतो. च्वांगत्सेचा बोध असा की आपणच आपली नाव रिकामी करून जगात वावरावे. मग आपल्याशी कोण भांडेल?

संस्थेच्या कारभारात पन्नास वर्षे घालविलेल्या मंडळींना याचा अर्थ मी काय सांगावा? सभेत एखादी सूचना फेटाळली जाते. धक्का सूचनेला बसतो, पण नावेत आपला 'मी' बसलेला असतो, म्हणून पुढची दोन वर्षे आपण त्या गृहस्थांशी बोलत नाही. माझ्या नातवाने चष्मा फोडला नव्हता. तो त्याच्या हातून निसटला होता. त्या लहानशा नावेत मी माझे चार वर्षांचे दुःख बसविले आणि त्याच्यावर ओरडलो.

च्वांगत्सेची आणखी एक कथा सांगतो. त्याची पत्नी वारली. मित्र हुइत्से समाचाराला आला, तर हा पाय पसरून, भांडे बडवीत गात बसलेला. मित्राने दोष दिला. च्वांगत्से म्हणाला, ती गेली तेव्हा मला दुःख झाले नाही असे कसे होईल? पण मग मी मागे वळून पाहिले. जन्मापूर्वी ती नव्हती. आकार आला, जीवन आले, आता मृत्यू आला, जसे ऋतू एकामागून एक येतात. हे कळल्यावर मी आक्रोश थांबविला. लोकांना या कथेतले गाणे आठवते. मला त्याच्या आधीचे दुःख महत्त्वाचे वाटते. तो दुःखाला वळसा घालून गाण्यापर्यंत पोहोचला नाही, दुःखातून गेला.

या सर्व विचारांची सरमिसळ करावी असे माझे म्हणणे नाही. आपण शाश्वत जीवतत्त्व मानतो, बौद्ध अनात्मवाद सांगतात, आणि प्राचीन ताओ विचारात आपल्यासारखा कर्मसिद्धांत नाही. हे भेद खरे आहेत आणि ते मान्य करण्यातच प्रामाणिकपणा आहे. मला त्यांच्याकडून मिळाले ते एवढेच, की समतोल ही एकदा मिळवून कपाटात ठेवण्याची वस्तू नव्हे. ती रोज नव्याने लावण्याची तार आहे; कारण रोज हवा बदलते.

म्हणून एक नम्र विनंती करतो. सामायिकाच्या ४८ मिनिटांतील पहिली दोन मिनिटे आपण आपल्या तारेला द्यावीत. आज मी कोठे फार ताणलेला आहे? कोठे सैल पडलो आहे? आणि माझ्या नावेत कोण बसले आहे? उत्तरे कोणाला सांगावयाची नाहीत.

त्या घटनेनंतर दुसऱ्या दिवशी मी नातवाला जवळ बसवून क्षमापना केली. संवत्सरीची वाट पाहिली नाही. तो म्हणाला, "आजोबा, तुम्ही रडताय." मी म्हटले, "हो." मग आम्ही दोघांनी मिळून तानपुऱ्याची गवसणी काढली. मला सूर लावता येत नाही. तो आता शिकतो आहे, आणि आमच्या घरात पुन्हा रोज संध्याकाळी खुंट्या पिळल्याचा आवाज येतो.

पन्नास वर्षे या संस्थेची तार ज्यांनी तुटू दिली नाही आणि सैलही पडू दिली नाही, त्या सर्व ज्ञात-अज्ञात कार्यकर्त्यांना वंदन करून मी थांबतो. बोलण्यात काही उणे-अधिक झाले असल्यास क्षमस्व.

जय जिनेंद्र.