विमानप्रवास आणि खिशांतील विस्तव

ता. ३० जानेवारी १९४९ पासून नागपुरच्या सोनेगांव विमानतळानें रात्रीच्या हवाई टपालाचें केंद्र म्हणून लौकिक मिळविला. मुंबई, कलकत्ता, दिल्ली व मद्रास येथून निघालेलीं विमानें मध्यरात्रीं येथें एकत्र येत, थैल्यांची अदलाबदल करीत आणि परत फिरत. त्या थैल्यांत बहुधा कागदच असे. आज त्याच विमानतळावरून जाणाऱ्या बहुतेक प्रवाशांजवळ मोबाइल, लॅपटॉप किंवा पॉवर बँक यांच्या रूपानें लिथियम बॅटरी असते. ती निरुपद्रवी दिसते. परंतु तिचे नियम न जाणणें धोक्याचें आहे.

या बॅटरीचा जो गुण, तोच तिचा दोष होय. लहानशा आकारांत ती पुष्कळ शक्ति सांठविते. तिच्या दोन ध्रुवांमध्यें कागदाहूनहि पातळ पडदा असतो आणि आंतील द्रव ज्वालाग्राही असतो. आघातानें किंवा सदोष घडणीमुळें तो पडदा फाटला म्हणजे ध्रुव एकमेकांस भिडतात व उष्णता उत्पन्न होते. त्या उष्णतेनें रासायनिक क्रिया अधिकच भडकते, आणि एका घटाची आंच शेजारच्या घटास लागते.

ता. ३ सप्टेंबर २०१० रोजीं दुबईहून निघालेल्या एका मालवाहू विमानांत हजारों लिथियम बॅटऱ्या होत्या. उड्डाणानंतर थोड्याच वेळांत मालाच्या भागांत आग लागली. धुरामुळें वैमानिकांस समोरचीं यंत्रेंहि दिसेनाशीं झालीं, आणि परत फिरलेलें तें विमान कोसळून दोघेहि मृत्युमुखी पडले.

पुष्कळांची अशी समजूत असते कीं, धोक्याची वस्तु आपल्यापासून दूर, सामानाच्या कोठारांत टाकावी. येथें नियम नेमका उलट आहे. कोठारांत आग लागली तर तेथें कोणाचा हात पोंचत नाहीं. तेथील अग्निशामक वायु ज्वाळा दाबतो, पण घटांतील उष्णता थांबवीत नाहीं. ता. १९ ऑक्टोबर २०२५ रोजीं दिल्लीहून दिमापुरास निघालेल्या विमानांत, तें जमिनीवरच असतां, एका प्रवाशाच्या पॉवर बँकेनें पेट घेतला. ती डोळ्यांसमोर होती, म्हणून कर्मचाऱ्यांनीं तत्काळ आग विझविली.

यास्तव पॉवर बँक व सुट्या बॅटऱ्या हातांतील पिशवींतच ठेवाव्या. जागेच्या अभावीं ती पिशवी दारापाशीं काढून घेतली जात असेल, तर बॅटऱ्या आधीं बाहेर काढाव्या. सुट्या बॅटरीचीं टोंकें चिकटपट्टीनें झांकावीं. किल्ल्या वा नाण्यांशीं त्यांचा स्पर्श होऊं देऊं नये. मर्यादा १०० वॉट-तासांची आहे. १०० ते १६० पर्यंत विमानकंपनीची संमति लागते, त्यापुढें प्रवाशास मनाई आहे. हिशेब सोपा आहे: २०,००० मिलि-अँपिअर-तासांस ३·७ व्होल्टनीं गुणून हजारानें भागिलें म्हणजे ७४ वॉट-तास होतात. ३०,००० चे १११ होतात. कंपनीचा नियम याहून कडक असल्यास तोच पाळावा. फुगलेली बॅटरी तर घरींच राहूं द्यावी, आणि तीहि वापरांत नव्हे.

मोबाइल आसनाच्या फटींत पडल्यास आसन हलवूं नये. तो चेपून पेटूं शकतो. कर्मचाऱ्यांस बोलवावें. धूर दिसल्यास संकोचानें वस्तु लपवूं नये. अशा आगींत ज्वाळा विझविल्यावरहि पाणी ओतून घट थंड करीत राहावें लागतें.

शेवटीं पार्सलाविषयीं. ता. १ एप्रिल २०१६ पासून प्रवासी विमानांतून सुट्या लिथियम-आयन बॅटऱ्या माल म्हणून नेण्यास आंतरराष्ट्रीय बंदी आहे. परगांवीं शिकणाऱ्या मुलास पॉवर बँक धाडतांना वर 'कपडे' असें लिहिणारा सद्गृहस्थ आपल्या मुलाची सोय पाहतो खरा; पण त्या विमानांत दुसऱ्यांचीं मुलें बसलेलीं असतात. पार्सलावर खरें नांव लिहिण्यास कांहीं खर्च पडत नाहीं.